विनिमयपत्त्यांचा खेळ : चिन्ह आणि वस्तू

(१)

पत्त्यांच्या प्रत्येक खेळामागे एक अलिखित करार असतो. इस्पिकचा एक्का नव्या कोऱ्या कॅटातला असो की कोपरे झिजून मऊ झालेल्या जुन्या कॅटातला असो, डावात त्याचे मोल एकच असते. कॅटातला एखादा पत्ता हरवला तर जोकरावर शाईने खूण करून तोच हरवलेल्या पत्त्याच्या जागी चालवण्याची रीत घरोघरी आहे, आणि तिला कोणी हरकत घेत नाही. भाषेतील मूल्याची कल्पना विशद करताना फेर्दिनां द सोस्यूर यांनी बुद्धिबळातील घोड्याचा दृष्टान्त घेतला होता, तो याच जातीचा आहे. घोडा हरवला तर कोणतीही वस्तू त्याच्या जागी ठेवावी. तिला घोड्याची चाल दिली की ती घोडाच होते. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानसंग्रहातील हा दृष्टान्त आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. खेळातील सोंगटी हे चिन्ह होय. तिचे द्रव्य गौण आहे, असे त्याचे तात्पर्य.

संग्राहकाची दृष्टी नेमकी याच्या उलट असते. त्याला इस्पिकचा कोणताही एक्का नको असतो, अमुक एकच हवा असतो. तो कोणत्या वर्षी छापला, किती प्रती निघाल्या, कोपरे धड आहेत की नाहीत, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने सर्वस्वाचे. खेळणाऱ्याला प्ररूपाशी कर्तव्य असते, तर संग्राहकाला प्रतीशी. म्हणून चिन्ह आणि वस्तू यांचा हा भेद सामान्यतः दोन वेगळ्या छंदांत विभागला गेलेला आढळतो.

१९९३ मध्ये अमेरिकेत एक असा खेळ निघाला की ज्याने हे दोन्ही छंद एकाच पत्त्यावर आणून बसवले. 'ट्रेडिंग कार्ड गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला प्रस्तुत लेखात 'विनिमयपत्त्यांचा खेळ' असे म्हटले आहे. यातील पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. कोणत्या पाकिटात कोणते पत्ते निघतील हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. जमलेल्या पत्त्यांची अदलाबदल करून प्रत्येक खेळाडू आपला स्वतंत्र कॅट बांधतो आणि तो घेऊन दुसऱ्याशी खेळतो. या खेळाच्या गेल्या तीन दशकांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते, की त्यातील बहुतेक सर्व महत्त्वाची वळणे एकाच तंट्यातून निर्माण झाली आहेत. पत्ता हे चिन्ह मानावयाचे की वस्तू, हा तो तंटा. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

या खेळाच्या पूर्वेतिहासात संग्रह आधी आला आणि खेळ नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे कागदाची व लवचीक असत. ती चेपू नयेत म्हणून आत एक ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर तेच गिऱ्हाइकाला बांधून ठेवील, ही युक्ती व्यापाऱ्यांना लवकरच सुचली. रिचमंड येथील 'ॲलन अँड गिंटर' या कंपनीने १८८० च्या दशकात खेळाडू, पक्षी, निशाणे इत्यादींच्या चित्रमालिका काढल्या. ब्रिटनमध्येही विल्सप्रभृती कंपन्यांनी हा प्रघात उचलला आणि १९४० मध्ये युद्धकालीन कागदटंचाईने तो बंद पडेपर्यंत चालवला. मालिका क्रमांकित असे. क्रमांक छापला की उणीव दिसू लागते, आणि उणीव दिसली की ती भरून काढण्याची ओढ लागते. संग्रहाचे सारे मानसशास्त्र त्या लहानशा आकड्यात सामावलेले होते.

दुर्मिळतेचे मोलही याच काळात प्रकट झाले. १९०९ ते १९११ या वर्षांत अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या बेसबॉलपटूंच्या मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र होते. त्याने हरकत घेतल्यामुळे ते छापणे लवकरच थांबले. ही हरकत तंबाखूच्या तिटकाऱ्याने घेतली की मोबदल्यासाठी, याविषयी मतभेद आहेत. परिणाम मात्र निःसंदिग्ध आहे. त्या चित्राच्या मोजक्याच प्रती उरल्या, आणि त्यांपैकी एक २०२२ मध्ये ७२ लक्ष ५० हजार डॉलरांना विकली गेली. त्या प्रतीने खेळता असे काहीच येत नाही. तिचे मोल सर्वस्वी तिच्या प्रतपणात आहे.

या विखुरलेल्या कागदांना शास्त्राची शिस्त लावली ती सिराक्यूज येथील जेफर्सन बर्डिक या संग्राहकाने. १९३९ मध्ये त्याने आपल्या सूचीची पहिली आवृत्ती काढली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या चित्रांना 'एन', विसाव्या शतकातील चित्रांना 'टी' अशी अक्षरे व पुढे अंक देण्याची त्याची पद्धती आजही रूढ आहे. वॅग्नरचे चित्र 'टी २०६' या संकेताने ओळखले जाते ते त्यामुळेच. बर्डिकने आपला ३ लक्षांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, तो १९४७ पासून तेथे स्वतः लावीत राहिला, आणि १९६३ मध्ये ते काम संपवून थोड्याच दिवसांत निवर्तला. ग्रंथपाल पुस्तकांसाठी जे करतो ते त्याने टाकाऊ समजल्या गेलेल्या कागदांसाठी केले.

जमवण्याच्या चित्राला खेळाची जोड देण्याचा प्रयत्नही १९९३ पूर्वी झाला होता. न्यूयॉर्कच्या टॉप्स कंपनीने १९५१ मध्ये बेसबॉलपटूंच्या चित्रांचे प्रत्येकी ५२ पत्त्यांचे दोन संच काढले. त्यांवर बेसबॉलमधील निरनिराळ्या घटना छापलेल्या होत्या. एकामागून एक पत्ता उलटीत मुलांनी लुटुपुटीचा सामना खेळावा अशी योजना होती. परंतु कोणता खेळाडू कोणत्या पत्त्यावर आहे याचा खेळावर काही विशेष परिणाम नव्हता. चित्र आणि खेळ एकमेकांशेजारी बसले होते, एकजीव झाले नव्हते. पुढच्याच वर्षी कंपनीने खेळाची कल्पना सोडली आणि ४०७ चित्रांची निव्वळ संग्राह्य मालिका काढली.

(३)

हा सांधा जुळवण्याचे श्रेय रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाकडे जाते. गणिताच्या क्रमचय-संचय शाखेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन करीत असतानाच तो खेळ रचीत असे. १९९१ मध्ये 'विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीचा प्रमुख पीटर ॲडकिसन याच्याकडे तो एक पटावरचा खेळ घेऊन गेला. तो छापण्याइतके भांडवल कंपनीपाशी नव्हते. थोडक्यात आटोपणारा, कोठेही बसून खेळता येईल असा खेळ असेल तर पाहू, असे ॲडकिसनने सुचवले. त्यातून 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ उभा राहिला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मिल्वॉकी येथील 'जेन कॉन' या खेळांच्या मेळाव्यात लोकांपुढे आला. पत्ते बेल्जियममधील 'कार्टा मुंडी' या छापखान्यात छापले होते. पहिल्या छपाईत २९५ प्ररूपांचे सुमारे २६ लक्ष पत्ते निघाले. ते थोड्याच आठवड्यांत संपले.

खेळाचे स्वरूप संक्षेपाने असे. दोन खेळाडू हे दोन मांत्रिक. प्रत्येकापाशी २० गुण हे त्याचे आयुष्य. भूमीचे पत्ते मांडून शक्ती मिळवावयाची, त्या शक्तीच्या बळावर प्राणी व मंत्र यांचे पत्ते खेळावयाचे, आणि प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य शून्यावर आणावयाचे. गारफिल्डची खरी नवी कल्पना याहून खोल होती. नेहमीच्या कॅटात पत्त्याचे कार्य पत्त्याबाहेरील नियमांनी ठरते. हुकूम कोणता हे एक्क्यावर छापलेले नसते. येथे प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला होता. मूळ नियमपुस्तिका लहान. बाकीचा सारा नियमसंग्रह हजारो खेळाडूंच्या खिशांत पत्त्यापत्त्याने विखुरलेला. एखाद्या भाषेचे व्याकरण सर्वांना समान असावे, पण शब्दसंग्रह प्रत्येकाने आपापला जमवावा, तसा हा प्रकार होता.

पत्ते तीन प्रतींचे होते : सामान्य, मध्यम आणि दुर्मिळ. पहिल्या छपाईत प्रत्येक दुर्मिळ पत्त्याच्या अवघ्या सुमारे ११०० प्रती निघाल्या. लोक थोडीच पाकिटे घेतील, म्हणून अतिबलवान पत्ता एखाद्यापाशी एखादाच असेल आणि दुर्मिळताच खेळाचा तोल सांभाळील, अशी रचनाकारांची अटकळ होती. ती साफ चुकली. लोकांनी पाकिटांवर पाकिटे घेतली. एकाच पत्त्याच्या कितीही प्रती कॅटात घालण्यास तेव्हा मुभा असल्यामुळे ज्याच्या खिशात अधिक पैसे त्याचा कॅट अधिक बळकट, अशी स्थिती झाली. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी एका पत्त्याच्या चारच प्रतींची मर्यादा घालावी लागली, आणि काही पत्त्यांवर निर्बंध आले. चिन्हव्यवस्थेने बाजारव्यवस्थेविरुद्ध केलेला हा पहिला बचाव होय.

मौजेची गोष्ट अशी, की चिन्हाची समता राखण्याचा अट्टाहास पत्त्याच्या पाठीवर आजही वाचता येतो. पाठ वेगळी दिसली तर पत्ता ओळखू येईल. म्हणून १९९३ ची पाठ आजतागायत बदललेली नाही. 'डेकमास्टर' या ज्या व्यापारी नावाचा आता काहीच उपयोग उरलेला नाही ते नाव, इतकेच काय छपाईत राहून गेलेला शाईचा एक फराटासुद्धा, नव्या पत्त्यांवर निमूटपणे छापला जातो. पहिल्या छपाईतील पत्त्यांचे कोपरे मात्र नंतरच्या पत्त्यांपेक्षा अधिक गोलसर होते. त्यामुळे ते इतरांत मिसळले की उघडे पडत. वेष्टणाशिवाय खेळात त्यांचा उपयोग अवघड झाला, आणि संग्राहकांसाठी तीच त्यांची ओळख ठरली. पत्त्याच्या एकाच लक्षणाकडे दोन दृष्टींनी कसे पाहिले जाते याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

(४)

मूळ नियमांत आणखी एक तरतूद होती. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटातून न पाहता एक पत्ता काढून बाजूला ठेवावयाचा. जो जिंकेल त्याने दोन्ही पत्ते कायमचे घ्यावयाचे. आपल्याकडील वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. गोट्यांच्या खेळात ज्या गोट्यांनी खेळावयाचे त्याच जिंकावयाच्या किंवा हरावयाच्या असतात. तेथे साधन आणि पण एकच. पत्ते हातोहात फिरत राहावेत, कोणापाशी फार साचू नयेत, असा या तरतुदीचा हेतू होता.

परंतु ती रुजली नाही. जोवर पत्ता केवळ चिन्ह होता तोवर तो गमावण्यात फारसे काही नव्हते. बाजारात त्याची किंमत ठरताच एका डावात एका आठवड्याची मिळकत जाण्याचा संभव निर्माण झाला, आणि जुगारविषयक कायद्यांची छायाही पडली. खेळाडूंनी परस्परसंमतीने पण लावणे सोडून दिले, स्पर्धांतून त्यासंबंधीचे पत्ते वर्ज्य झाले, आणि १९९५ नंतर या जातीचा नवा पत्ता निघाला नाही. याप्रमाणे वस्तूने चिन्हावर पहिला मोठा विजय मिळवला.

याचा पुढचा अध्याय जपानमध्ये लिहिला गेला. ऑक्टोबर १९९६ मध्ये तेथे 'पोकेमॉन'चे पत्ते निघाले. इंग्रजीतून ते जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत आले. या खेळात प्रत्येक खेळाडू डावाच्या आरंभी सहा पत्ते पालथे बाजूला ठेवतो. त्यांचे नाव 'बक्षिसाचे पत्ते'. प्रतिस्पर्ध्याचा प्राणी पाडला की यांतला एक उचलावयाचा. मात्र हे सहाही पत्ते त्याच्या स्वतःच्याच कॅटातले असतात! जिंकणाऱ्याला जे मिळते ते आधीपासून त्याचेच होते. पणाचा विधी उरला आणि पण नाहीसा झाला. विधीतील बळीच्या जागी कोहळा यावा तसा हा बदल आहे, आणि लहान मुलांच्या खेळाला तो शोभणाराच होता.

तथापि जुगाराचा प्रश्न यामुळे सुटला नाही. त्याची जागा फक्त बदलली. डाव निर्धोक झाला, पण बंद पाकीट घेणे हीच एक सोडत होती. १९९९ मध्ये अमेरिकेत अनेक शाळांनी हे पत्ते आवारात आणण्यास मनाई केली, आणि पाकिटातील दुर्मिळ पत्त्याची आशा हाच जुगार होय, असा दावा करून काही पालक न्यायालयात गेले. २००१ मध्ये सौदी अरेबियाने या खेळावर बंदी घातली; तेथील आक्षेपांतही जुगाराचा उल्लेख होता.

(५)

आता आपल्या शास्त्राशी निकट संबंध असलेल्या मुद्द्याकडे वळू. पत्त्यावर नियम छापावयाचा म्हणजे तो भाषेत छापावयाचा. आणि भाषा संदिग्ध असते. याचा अनुभव गारफिल्डला खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच आला. परीक्षणासाठी केलेल्या एका पत्त्यावर इंग्रजीत चार शब्दांचे वाक्य होते. प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी बुडते, असा रचनाकाराचा अभिप्राय. पण इंग्रजीतील 'लूज' या क्रियापदात गमावणे आणि हरणे हे दोन्ही अर्थ आहेत. पत्ता हाती आलेल्या एका खेळाडूने त्याचा अर्थ, प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीला हरतो, असा लावला आणि आपल्याला हमखास विजय देणारा पत्ता मिळाला म्हणून तो हरखून गेला. मराठीत 'पुढची पाळी गमावतो' आणि 'पुढच्या पाळीत हरतो' यांत क्रियापदाने व विभक्तीने जो भेद आपोआप होतो तो इंग्रजीत होत नाही. १९९३ मध्ये तो पत्ता छापला गेला तेव्हा, खेळणाऱ्याला एक जादा पाळी मिळते, अशी त्याची शब्दयोजना करण्यात आली.

प्रत्येक पत्ता हा स्वतंत्र नियम असल्यामुळे नियमांचा परस्परविरोध अटळ होता. त्यावर जी परिभाषा उभी राहिली ती पाहून भारतीय व्याकरणाच्या अभ्यासकाला परिचयाचा आनंद झाल्यावाचून राहणार नाही. पत्त्यावरील वचन आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आल्यास पत्त्यावरील वचन बलवान, हे या खेळाचे पहिले सूत्र. हा सरळ सरळ उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध होय. एक पत्ता एखादी गोष्ट करता येते म्हणतो आणि दुसरा ती करता येत नाही म्हणतो, तेव्हा निषेध बलवान, हे दुसरे. अनेक मंत्र एकावर एक खेळले गेल्यास कोणाचा परिणाम आधी, या प्रश्नाचा निकाल १९९९ मध्ये नियमांच्या पुनर्रचनेने लावला : शेवटी आलेला प्रथम फळतो. या मंडळींनी पाणिनी वाचला होता असे सुचवण्याचा हेतू नाही. मोजक्या शब्दांत पुष्कळ कार्ये बांधावयाची झाली, की बुद्धी त्याच वाटांनी जाते, एवढेच म्हणावयाचे आहे.

लाघवाची ओढही तशीच. मोठ्या वाक्यांच्या जागी एकेक संज्ञा येऊ लागली. हल्ला करूनही प्राणी थकत नाही, हा आशय सुरुवातीपासून पूर्ण वाक्यात छापला जाई. २००४ पासून त्यासाठी एकच संज्ञा मुक्रर झाली. काही संज्ञा वरून आल्या, तर काही खेळाडूंच्या बोलीतून वर चढल्या. कॅटाच्या माथ्यावरचे पत्ते थेट टाकाऊ ढिगात घालण्याच्या क्रियेला खेळाडू 'मिल' म्हणत, कारण १९९४ मधील 'मिलस्टोन', म्हणजे जाते, या नावाच्या पत्त्याने ती क्रिया होई. ही बोलीतील संज्ञा अधिकृत मजकुरात यावयास २०२० साल उजाडले. 'यु-गि-ओह!' या १९९९ मध्ये सुरू झालेल्या जपानी खेळाच्या इंग्रजी पत्त्यांनी २०११ पासून विरामचिन्हांनाच अर्थ दिला : अपूर्णविरामापूर्वी येते ती अट, अर्धविरामापूर्वी येतो तो द्यावयाचा मोबदला, आणि त्यानंतर येतो तो परिणाम.

याची परिणती लक्षणीय आहे. १९९४ पासून 'मॅजिक'चे पत्ते इटालियन, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतही निघू लागले, आणि जुन्या पत्त्यांवरचे मजकूर नव्या परिभाषेशी विसंगत ठरू लागले. म्हणून कंपनीने प्रत्येक पत्त्याचा एक प्रमाणपाठ स्वतंत्रपणे राखण्यास आरंभ केला. स्पर्धेत वाद उद्भवला तर हातातल्या पत्त्यावर काय छापले आहे याला महत्त्व नाही; त्या नावाच्या पत्त्याचा आजचा प्रमाणपाठ काय आहे एवढेच पाहतात. छापील प्रत ही त्या पाठाकडे बोट दाखवणारी खूण झाली. चिन्हाचा याहून शुद्ध आविष्कार सांगणे अवघड आहे. १९९३ चा झिजका पत्ता आणि काल छापलेला जपानी पत्ता डावात अक्षरशः एकच होतात.

(६)

डावात हे ऐक्य सिद्ध होत असतानाच बाजारात त्याच्या उलट चालले होते. प्रमाणपाठ एकच असेल आणि प्रती हव्या तितक्या छापता येत असतील, तर पुनर्मुद्रण करून सर्वांना पत्ते पुरवणे हाच खेळाच्या दृष्टीने सरळ मार्ग. १९९५ मध्ये कंपनीने 'क्रॉनिकल्स' या नावाने जुन्या दुर्मिळ पत्त्यांचे पुनर्मुद्रण केले तेव्हा तो तिने पत्करला. नव्या खेळाडूंना पत्ते मिळाले, पण जुन्यांचे भाव कोसळले. संग्राहक व दुकानदार संतापले. मार्च १९९६ मध्ये कंपनीने एक राखीव यादी प्रसिद्ध केली आणि तीतील पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही, असे अभिवचन दिले.

या अभिवचनाची शब्दयोजना भाषाभ्यासकाने नजरेआड करू नये. तेच पत्ते छापणार नाही, एवढ्यावर कंपनी थांबली नाही. नाव व चित्र बदलून पण कार्य तेच ठेवून काढलेला पत्ताही वर्ज्य मानला गेला. म्हणजे शब्दाबरोबर त्याच्या पर्यायशब्दावरही बंदी आली. साडेपाचशेहून अधिक पत्ते या यादीत आहेत. या खेळाच्या 'भाषे'तील तितके आशय यापुढे नव्याने उच्चारता यावयाचे नाहीत. ज्यांच्यापाशी जुन्या प्रती आहेत त्यांनीच ते उच्चारावेत. सोस्यूरचा घोडा येथे अडतो. अधिकृत स्पर्धेत राखीव पत्त्याच्या जागी हाताने लिहिलेली चिठ्ठी चालत नाही, मग तिच्यावर प्रमाणपाठ अक्षर न् अक्षर उतरवलेला का असेना. अर्थ सर्वांचा, पण उच्चाराचा अधिकार थोड्यांचा, अशी ही व्यवस्था आहे.

याचे परिणाम व्हावयाचे ते झाले. यादीतील सर्वांत प्रसिद्ध पत्ता 'ब्लॅक लोटस' याची चित्रकाराची स्वाक्षरी असलेल्या वेष्टणातील एक प्रत २०२१ मध्ये ५ लक्ष ११ हजार १०० डॉलरांना गेली. पत्त्यांची प्रतवारी ठरवून ते पारदर्शक कठीण वेष्टणात कायमचे बंद करून देणारा व्यवसाय अमेरिकेत १९९१ पासून चालू होता. त्याला आता भर आला. असा बंद केलेला पत्ता पिसता येत नाही, वाटता येत नाही. खेळाच्या दृष्टीने तो मूक झाला आहे. २०२१ मध्ये मागणी इतकी वाढली, की त्या व्यवसायातील अग्रगण्य संस्थेला नवे पत्ते घेणे काही काळ थांबवावे लागले, आणि 'टार्गेट' या दुकानसाखळीने ग्राहकांच्या व कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी पत्त्यांची दुकानातील विक्री स्थगित केली.

२०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त कंपनीने एक विशेष संच काढला. त्यात राखीव पत्त्यांची चित्रे व मजकूर होते. मात्र पाठ वेगळी होती आणि अधिकृत स्पर्धेत हे पत्ते चालणार नव्हते. चार पाकिटांत मिळून ६० पत्ते, किंमत ९९९ डॉलर. जे अक्षरशः पूर्वीचेच आहे पण ज्याने खेळता येत नाही, असे काहीतरी संग्राह्य म्हणून विकले गेले. १९५१ च्या टॉप्स पत्त्यांत खेळ आणि संग्रह एकमेकांशेजारी होते. १९९३ मध्ये ते एक झाले. २०२२ मध्ये खुद्द निर्मात्यांनीच त्यांची पुन्हा फारकत केली.

(७)

ही फारकत पूर्ण झाली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला परदेशी जावयास नको. गंजिफा या खेळाचा इतिहास आपल्यासमोर आहे. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फज्लने 'ऐन-इ-अकबरी'त या खेळाचे वर्णन केले आहे. आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा मोगली संच आणि दहा अवतारांचा, १२० पत्त्यांचा दशावतारी संच हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा वाटोळे पत्ते. अर्ध्या रंगांत दहा सर्वांत वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटून एक्का वरचढ. हे काहीही पत्त्यावर लिहिलेले नसते. ते खेळणाऱ्यांच्या स्मरणात आणि बोलीत असते.

सावंतवाडीला ही कला लोपण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एका वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेऊन राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. त्यांच्या या कार्याचे मोल मोठे आहे. आज तेथे रंगवले जाणारे संच देशोदेशीच्या संग्राहकांकडे जातात. परंतु ते घेणाऱ्यांपैकी खेळणारे किती? ओडिशात काही ठिकाणी खेळ चालतो. महाराष्ट्रात जाणते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वस्तू वाचली, चिन्ह मात्र मुके होत चालले आहे.

खेळ गेला की त्याच्याबरोबर शब्दही जातात. मोगली संचातील एका रंगाचे नाव 'बरात', म्हणजे राजाज्ञेचा कागद. मराठी दफ्तरांत खजिन्यावरील हुकूमनाम्याला 'वरात' म्हणतात तो हाच शब्द. तिजोरी, शस्त्रागार, वाद्यशाळा, सेवक अशा राज्याच्या अंगांची नावे या रंगांत आहेत. एका प्रशासनाची परिभाषाच मुलाबाळांच्या तोंडी खेळातून रुळली होती. काचेमागे ठेवलेल्या संचाकडे पाहून ती नावे चित्रांची शीर्षके वाटतात. डावात ती क्रियापदांसह वापरली जात.

(८)

सारांश, विनिमयपत्त्यांच्या खेळाचा इतिहास म्हणजे पुनरुच्चाराच्या हक्काचा इतिहास होय. खेळ जगतो तो पुन्हा पुन्हा उच्चारता येणाऱ्या चिन्हांवर. संग्रहाचे मोल वाढते ते पुन्हा न होणाऱ्या वस्तूंवर. १९९३ च्या रचनाकारांनी दोन्हींचा लाभ एकत्र मिळवला, आणि तेव्हापासून पणाच्या, प्रतींच्या मर्यादेच्या, प्रमाणपाठाच्या व राखीव यादीच्या रूपाने त्या एकत्रपणाची किंमत ते चुकवीत आले आहेत. संग्राहकाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. बर्डिकसारखा माणूस नसता तर या इतिहासाची पहिली पाने आपणांस वाचताच आली नसती. परंतु बर्डिकने जतन केली ती खेळाची साधने नव्हती, चित्रे होती. खेळाच्या बाबतीत निव्वळ वस्तू सांभाळून भागत नाही.

'मॅजिक'चे नियम दोनशेहून अधिक पृष्ठांत लेखबद्ध आहेत. उद्या त्याचे सारे पत्ते वेष्टणांत बंद झाले तरी तो खेळ पुन्हा उभा करता येईल. गंजिफांच्या बाबतीत अशी सोय नाही. तेथे पत्ते उत्तम रंगवले जात आहेत, आणि नियम, संज्ञा, डावातील बोलणे ही अजून काही वृद्धांच्या जिभेवर आहेत. सावंतवाडीच्या आणि ओडिशाच्या खेळणाऱ्यांजवळ बसून प्रत्यक्ष डाव चालू असताना होणारे संभाषण ध्वनिमुद्रित करणे, संज्ञांचा कोश करणे, दोन प्रदेशांतील परिभाषा ताडून पाहणे, हे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाती घेण्यासारखे आहे. पत्ते सांभाळणारे भेटले आहेत. उतारी कोणाची आणि ती कोणत्या शब्दांनी करावयाची, हे टिपून ठेवणारे अद्याप हवे आहेत.